बशी आणि बंदर

राष्ट्र स्वावलंबी आहे की परावलंबी, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा मोठ्या वस्तूंच्या आधारे चालते. पोलाद, यंत्रे, खनिज तेल, शस्त्रास्त्रे यांची आयात किती, निर्यात किती, तूट किती, हे आकडे वर्तमानपत्रांत छापून येतात आणि सामान्य नागरिक ते वाचून पान उलटतो. यात त्याचा दोष नाही. ज्या वस्तूंचा हिशेब तो वाचतो, त्या त्याने कधी हातात धरलेल्या नसतात. यास्तव आज आम्ही हाच प्रश्न एका लहानशा जागी नेऊन पाहणार आहोत. ती जागा म्हणजे आपल्या उपनगरांतील स्टेशनाबाहेरचे उपाहारगृह. अंधेरीचे घ्या, बोरिवलीचे घ्या, मुलुंडचे घ्या अथवा घाटकोपरचे घ्या. वडापाव, मिसळ, रगडा, डोसा, साबुदाण्याची खिचडी आणि कपभर चहा तेथे मिळणारच. या बशीत काय कोठून आले, केव्हा आले आणि आल्यावर त्याचे पुढे काय झाले, एवढे जरी पाहिले तरी राष्ट्र परक्या मालावर कसे विसंबते आणि त्यातून कसे सुटते, याचा बराचसा इतिहास हाती लागतो.

प्रथम एक समजूत बाजूला ठेवली पाहिजे. उपाहारगृहातील हे पदार्थ म्हणजे आपल्या वाडवडिलांचे खाणे आणि परदेशी माल म्हणजे अलीकडची बाधा, असे पुष्कळांस वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. आपली ही सारी उपनगरे ज्या भूमीवर वसली आहेत ती साष्टी. १५३४ साली गुजरातच्या बहादुरशहाने वसईच्या तहान्वये वसई, साष्टी आणि मुंबईची बेटे पोर्तुगीजांस दिली. १७३७ साली मराठ्यांनी साष्टी घेतली, १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि १७७४ च्या अखेरीस साष्टी इंग्रजांच्या हाती गेली. म्हणजे सुमारे दोनशे वर्षे ही भूमी पोर्तुगीज अमलाखाली होती. त्या अमलाची देवळे पडली, किल्ले ओस पडले. परंतु दोन शब्द मात्र प्रत्येक गाडीवर रोज उच्चारले जातात. एक पाव आणि दुसरा बटाटा. दोन्ही पोर्तुगीज. मिरची, भुईमूग, टोमॅटो, काजू, पेरू हे सर्व अमेरिका खंडातले. युरोपीय दर्यावर्दींच्या जहाजांतून ते आपल्याकडे आले. शिवछत्रपतींच्या काळी बटाट्याचा वडा नव्हता, आणि त्याआधी दोन शतके तिखटपणासाठी आपल्या स्वयंपाकघरात मिऱ्यावरच भिस्त होती. उपवासाची गोष्ट तर याहून मौजेची आहे. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो टॅपिओका, शेंगदाणा, बटाटा आणि हिरवी मिरची, चारही अमेरिकेची अपत्ये. एकादशीच्या दिवशी आपण भक्तिभावाने जे खातो, त्यातले जिरे आणि तूप सोडले तर फारसे काही या भूमीचे मूळ रहिवासी नाही.

मग यास परावलंबन म्हणावे काय? कोणीही म्हणणार नाही, आणि त्याचे कारण नीट समजून घेतले पाहिजे. हा माल आला तो मातीत रुजला. बटाटा मंचर-खेडच्या शेतात गेला, भुईमूग महाराष्ट्राच्या आणि गुजरातच्या शिवारात पसरला, मिरचीचे तर आपण जगाला विकणारे झालो. एकदा बी आले, मग जहाजाची वाट पाहावी लागली नाही. याउलट हिंगाचे पाहा. इराण-अफगाणिस्तानातून हिंग शतकानुशतके येत आहे. फोडणीत तो इतका मुरला आहे की परका वाटत नाही. पण तो येथे कधी पिकलाच नाही. २०२० साली हिमाचल प्रदेशातील लाहौलच्या खोऱ्यात पालमपूरच्या शास्त्रीय संस्थेने हिंगाची रोपे लावली, तेव्हा देश दरसाल सुमारे १२०० टन हिंग बाहेरून आणीत होता. तेव्हा परदेशी मालाचे दोन प्रकार मानावे लागतात. एक माल बंदरावर उतरतो आणि मातीत रुजतो. दुसरा बंदरावर उतरतो आणि पोटात संपतो. त्यामुळे तो उद्या पुन्हा मागवावा लागतो. आमच्या मते आयातीची खरी कसोटी ही आहे. माल परका आहे की नाही हे विचारण्यापेक्षा, तो आपली स्वतःची गरज वर्षागणिक कमी करतो की वाढवतो, हे विचारावे.

आता चहाचा कप उचलू. चहा हा शब्दच चीनचा आणि वस्तूही मूळची तिकडची. आसामात १८३० नंतर इंग्रजांनी मळे उभे केले, तेव्हापासून तिचे पाऊल येथे स्थिर झाले. चहात पडणाऱ्या साखरेचा इतिहास मात्र अधिक बोधप्रद आहे. जुन्या पिढीतील माणसे पांढऱ्या साखरेला मोरस म्हणत. मोरस म्हणजे मॉरिशस. जेथून पोती येत त्या बेटाचे नाव मालाला चिकटले, ते बेट विस्मरणात गेल्यावरही टिकले. १९३० च्या सुमारास हिंदुस्थानात दरसाल दहा लाख टनांच्या आसपास साखर बाहेरून येई, तीतील बरीचशी जावा बेटातली असे. १९३२ साली साखरधंद्याच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि परदेशी साखरेवर भारी जकात बसली. त्या वेळी देशात आधुनिक साखर कारखाने तीसएक होते. पाच वर्षांत ते सव्वाशेच्या वर गेले आणि बाहेरची साखर जवळजवळ थांबली. वालचंदनगर, रावळगाव, माळीनगर ही नावे त्याच दशकातली. पुढे १९५० च्या अखेरीस प्रवरा येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या उद्योगाने शेतकऱ्यांच्या मालकीचा सहकारी कारखाना सुरू झाला. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या काळात शहरातील माणसाने साखरेसाठी जावाच्या भावापेक्षा अधिक पैसे मोजले. स्वावलंबन फुकट आले नाही. त्याची किंमत चहा पिणाऱ्याने कपाकपाने दिली.

आता ज्या मालाची वाट तुटली त्याची कथा सांगतो. मुंबईत आणि विशेषतः कोकणात तांदूळ गरजेपुरता पिकत नसे. ती उणीव रंगूनचा तांदूळ भरून काढी. युद्धापूर्वी ब्रह्मदेशातून हिंदुस्थानात दरसाल पंधरा लाख टनांच्या आसपास तांदूळ येई. देशाच्या एकूण खपाच्या मानाने हा हिस्सा लहान, शेकडा पाच-सहाचा. एवढ्याशा हिश्शाची चिंता कोण करणार? परंतु १९४२ च्या मार्च महिन्यात जपानी फौजांनी रंगून घेतले आणि तो पुरवठा एकदम थांबला. पुढच्याच वर्षी बंगालात दुष्काळ पडून लक्षावधी माणसे मेली. तो दुष्काळ केवळ ब्रह्मी तांदूळ न आल्याने पडला असे नव्हे. युद्धकाळची भाववाढ, साठेबाजी आणि सरकारी धोरण यांचा त्यात मोठा वाटा होता. पण थोडासा हिस्सा तुटला तरी बाजाराचा धीर कसा सुटतो, हे तेव्हा दिसले. मुंबईत २ मे १९४३ पासून धान्याचे रेशनिंग सुरू झाले आणि रेशनकार्ड हा मुंबईकराच्या घरातील एक महत्त्वाचा कागद होऊन बसला.

याच टंचाईच्या काळात मुंबईच्या खाण्याच्या सवयीही बदलत होत्या. दादरला मामा काण्यांचे उपाहारगृह १९१० पासून होते, इराण्यांची हॉटेले कोपऱ्याकोपऱ्यावर होती. १९४२ साली माटुंग्यास ए. रामा नायक यांनी उडपी श्रीकृष्ण बोर्डिंग सुरू केले. माटुंग्यात बसलेली ही उडपी पद्धत पुढे रेल्वेच्या दोन्ही मार्गांनी उपनगरांत पोहोचली. १९५० साली बृहन्मुंबईची हद्द वाढली आणि १९५७ साली ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. त्या हद्दीबरोबर इडली आणि डोसाही तेथवर गेले. साबुदाण्याचा इतिहासही याच युद्धात बदलला. तोवर साबुदाणा मलाया आणि जावा बेटांतून येत असे. ती बेटे जपानच्या हाती पडताच तामिळनाडूतील सेलम येथे टॅपिओकापासून साबुदाणा करण्याचा उद्योग निघाला आणि आज उपवासाचा साबुदाणा तिकडूनच येतो. एकाच युद्धाने दोन मालांच्या वाटा तोडल्या. तांदूळ तुटला तेव्हा आपण रांगेत उभे राहिलो. साबुदाणा तुटला तेव्हा कोणी तरी गिरणी उभी केली.

स्वातंत्र्यानंतर गव्हाची पाळी आली. फाळणीत पंजाबातील कालव्यांखालचा मोठा सुपीक प्रदेश पाकिस्तानात गेला, इकडे लोकसंख्या वाढत होती. १९५६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेशी पी. एल. ४८० या नावाने ओळखला जाणारा करार झाला आणि रुपयांत किंमत देऊन अमेरिकी गहू येऊ लागला. १९६० साली पुढल्या चार वर्षांसाठी १ कोटी ६० लाख टन गहू देण्याचा नवा करार झाला. हा गहू स्वस्त होता आणि त्या वेळी त्याने पोटे भरली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण स्वस्त गहू हाताशी असल्याने आपल्या शेतीकडे पाहण्याची निकड सरकारला वाटेनाशी झाली. १९६५ आणि १९६६ अशी सलग दोन वर्षे पावसाने दगा दिला आणि १९६६ साली धान्याची आयात एक कोटी टनांच्या वर गेली. त्या मदतीची दोरी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी मुद्दाम आखूड धरली. महिन्याच्या बोलीने जहाजे सुटू लागली. जहाजातून थेट तोंडात, अशी देशाची स्थिती झाली. १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी सोमवारी एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा अनेक शहरांतील उपाहारगृहांनी सोमवारी संध्याकाळी दारे लावून घेतली. उपाहारगृहाच्या बंद दाराला राष्ट्रीय अर्थ आला, असा प्रसंग आपल्या इतिहासात विरळाच.

येथे एक योगायोग सांगण्यासारखा आहे. दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी वडापावची गाडी लावली ती १९६६ साली, असे मानले जाते. म्हणजे ज्या वर्षी देशात सर्वाधिक परके धान्य उतरले, त्याच वर्षी मुंबईचा हा आवडता पदार्थ जन्मास आला. पण त्याच वर्षी आणखी एक परदेशी माल आला, आणि तो खाण्यासाठी नव्हता. मेक्सिकोतून बुटक्या गव्हाचे १८ हजार टन बियाणे आणले गेले. शेतीमंत्री सी. सुब्रमण्यम, शास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथन आणि नॉर्मन बोरलॉग यांच्या प्रयत्नांनी ते पंजाब, हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशात पेरले गेले. १९६४-६५ साली गव्हाचे पीक १ कोटी २३ लाख टन होते, ते १९६७-६८ साली १ कोटी ६५ लाख टनांवर गेले. १९७१ च्या अखेरीस अमेरिकी गव्हाची ही आयात थांबली. १९६५ साली स्थापन झालेल्या अन्न महामंडळाची गोदामे आपल्या बोरिवलीसही आहेत. त्यांत साठणाऱ्या पोत्यांवरचा शिक्का पंधरा-वीस वर्षांत परक्या देशाचा जाऊन आपल्या देशाचा झाला, याचे श्रेय त्या बियाण्याला आणि ते पेरणाऱ्या शेतकऱ्याला आहे. एक कोटी टन धान्याने जे साधले नाही, ते अठरा हजार टन बियाण्याने साधले.

दुधाची गोष्ट आपल्या अगदी दाराशी घडली. मुंबईतील म्हशींचे गोठे शहराबाहेर नेण्यासाठी गोरेगावजवळ आरे येथे १९४९ साली दूध वसाहत उभी राहिली. दारा खुरोडी हे तिचे शिल्पकार. म्हशीच्या घट्ट दुधात पाणी आणि स्निग्धांश काढलेली दुधाची भुकटी मिसळून स्वस्त टोन्ड दूध करण्याची युक्ती खुरोडींचीच. ही भुकटी परदेशातून येई. म्हणजे उपनगरातल्या कपभर चहातही परदेशाचा अंश होता. १९७० साली दुग्धपूर योजना सुरू झाली, तेव्हा युरोपात शिल्लक पडलेली भुकटी आणि लोणीतेल देणगीदाखल मिळाले. वर्गीस कुरियन यांच्यापुढे दोन वाटा होत्या. ती भुकटी शहरांत मातीमोलाने वाटली असती तर चार दिवस शहरवासी खूश झाले असते आणि खेड्यातील गवळ्याच्या दुधाचा भाव बुडाला असता. त्यांनी तसे केले नाही. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथील दुग्धालयांतून तिचे दूध योग्य भावाने विकले आणि तो पैसा गावोगावच्या दूध संस्था, शीतकरण केंद्रे आणि टाक्या उभारण्यात घातला. १९९८ च्या सुमारास भारत जगातील सर्वांत मोठा दूध उत्पादक देश झाला. पोटात संपणारा माल मातीत रुजवता येतो, मात्र त्यासाठी तो विकणाऱ्याच्या मनात ती योजना असावी लागते, हे या उदाहरणाने सिद्ध होते.

आतापर्यंत सांगितलेल्या कथा बहुतेक सुखान्त आहेत. वड्याच्या कढईतील तेलाची कथा तशी नाही. महाराष्ट्रातील तळणीचे तेल म्हणजे शेंगदाण्याचे, आणि कोठे करडईचे. १९७० नंतर खाद्यतेलाची आयात वाढत गेली आणि रेशनच्या दुकानात पामोलिन दिसू लागले. १९८६ साली तेलबियांसाठी तंत्रज्ञान मिशन निघाले. बियाणे, भाव आणि खरेदी यांची सांगड घातली गेली आणि आठ-नऊ वर्षांत तेलबियांचे उत्पादन सुमारे दुप्पट झाले. १९९२-९३ च्या सुमारास खाद्यतेलाची आयात एकूण गरजेच्या अगदी किरकोळ भागावर आली. आपण जवळजवळ सुटलो होतो. नंतर १९९४ साली पामोलिनची आयात शेकडा ६५ जकातीवर खुली झाली आणि १९९८ पर्यंत ती जकात शेकडा १५ वर उतरली. मलेशिया आणि इंडोनेशियातील पाम तेल देशी तेलापेक्षा स्वस्त होते, त्याला वास नव्हता, आणि ते तळणीत टिकत असे. उपाहारगृहवाल्याला आणखी काय हवे? आज देशाच्या खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येते. २०२२-२३ च्या तेलवर्षात ही आयात १ कोटी ६० लाख टनांच्या वर गेली. पाम तेल इंडोनेशिया-मलेशियाचे, सोयाबीनचे तेल अर्जेंटिना-ब्राझीलचे, सूर्यफुलाचे रशिया-युक्रेनचे.

न्यायाने बोलायचे तर दोष एकट्या जकातीचा नाही. १९९० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत माणशी सहा-सात किलो तेल वर्षाला लागत असे. ते आता एकोणीस किलोंच्या आसपास गेले आहे. आहारशास्त्रज्ञ बारा किलो पुरे म्हणतात. आपण अधिक तळलेले खाऊ लागलो, बाहेर अधिक खाऊ लागलो, आणि वाढलेली ही भूक शेताने नव्हे तर बंदराने भागवली.

डाळींचेही तेच झाले. रगडा आणि मिसळ यांतील पांढरा वाटाणा बव्हंशी कॅनडा आणि रशियातून येतो. तोच वाटाणा दळून बेसनातही मिसळला जातो. वरणाची तूर मोझांबिक, टांझानिया, मलावी आणि ब्रह्मदेशातून येते. घाटकोपरच्या खाऊगल्लीत तव्यावर डोसा पसरतो, त्यातील आयात उडदाचा मोठा भागही ब्रह्मदेशाचाच. ज्या देशाच्या तांदळाने १९४२ साली आपल्याला धडा शिकवला, त्याच देशाकडे ऐंशी वर्षांनी आपण उडीद मागत आहोत. २०२४-२५ साली देशात सुमारे ७३ लाख टन कडधान्ये आयात झाली, हा तोवरचा उच्चांक होता. कढईखालचा गॅसही याच मालिकेतला. १९५४-५५ साली तुर्भ्यास तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले, १९५५ साली मुंबईत स्वयंपाकाचा गॅस आला, १९७४ साली मुंबईच्या समुद्रात तेल सापडले आणि १९८० नंतरच्या दशकात देशाची खनिज तेलाची सुमारे दोनतृतीयांश गरज घरच्या तेलाने भागत होती. अलीकडच्या वर्षांत शेकडा ८५ हून अधिक खनिज तेल आणि शेकडा साठच्या आसपास स्वयंपाकाचा गॅस बाहेरून येतो. वडा, तेल, बेसन आणि आच यांचा असा हिशेब मांडला म्हणजे मुंबईचे खाणे मुंबईचे किती, असा प्रश्न पडतो. निःसंशय इथले म्हणावे असे मीठ होते. मुलुंड-भांडुपची मिठागरे आगगाडीतून दिसत, आणि १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात जमनालाल बजाज यांची छावणी आपल्या पार्ल्यातच पडली होती. पण नुसत्या मिठावर उपाहारगृह चालत नाही.

कोणी म्हणेल, स्वस्त मिळते तर घ्यावे. यात बिघडले काय? २०२२ साली काय बिघडले ते पाहा. फेब्रुवारीत युक्रेनात युद्ध पेटले आणि सूर्यफुलाचे तेल अडले. एप्रिलच्या अखेरीस इंडोनेशियाने स्वतःच्या जनतेला तेल पुरावे म्हणून पाम तेलाची निर्यात बंद केली. ती जवळजवळ महिनाभर बंद राहिली. तो निर्णय जाकार्तात झाला, आणि पंधरा किलोच्या डब्याचा भाव अंधेरीच्या गाडीवर चढला. गाडीवाल्याने भाव वाढवावा तर गिऱ्हाईक पुढच्या गाडीवर जाते. न वाढवावा तर गल्ला रिकामा राहतो. मग वडा लहान होतो, किंवा कालचेच तेल आज पुन्हा तापते. मोठा कारखानदार सहा महिन्यांचा साठा करतो. गाडीवाल्याचा साठा म्हणजे एक डबा. परावलंबनाचा पहिला तडाखा नेहमी सर्वांत लहान माणसाला बसतो.

दुसरा तडाखा बसतो तो आपल्या नजरेआड, लातूर आणि अकोल्याच्या बाजारात. सोयाबीनला २०२४-२५ साठी ४८९२ रुपये क्विंटल असा हमीभाव जाहीर झाला होता. त्या हंगामात बाजारात शेतकऱ्याला त्याहून पुष्कळ कमी भाव मिळाला. वाटाण्यावरची जकात २०१७ च्या नोव्हेंबरात शेकडा ५० झाली, २०२३ च्या डिसेंबरात शून्य झाली आणि २०२५ च्या नोव्हेंबरात पुन्हा शेकडा ३० झाली. शेतकरी जूनमध्ये पेरतो, आणि त्याच्या पिकाचा भाव डिसेंबरात दिल्लीला ठरतो. अशा स्थितीत कोणता शहाणा माणूस तुरीच्या आणि करडईच्या मागे लागेल? डाळ महागली की शहरात ओरड होते आणि बंदर उघडते. डाळ मातीमोल झाली की खेड्यात ओरड होते, परंतु ती मुंबईपर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो. आपल्या बशीतील स्वस्ताईचा काही भाग कोणाच्या तरी पदरातून आलेला आहे, हे आपण नागरिकांनी ओळखले पाहिजे.

यावर उपाय म्हणून परदेशी ते सर्व टाका, असे सांगणारे निघतील. तो मार्ग आम्हांस मान्य नाही, आणि इतिहासालाही मान्य नाही. तसे केले तर पाव जाईल, बटाटा जाईल, चहा जाईल आणि एकादशीचा फराळही जाईल. १९९५ साली महाराष्ट्र सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देण्याची केंद्रे काढली. ज्वारी इथली, हरभरा इथला; कल्पना निर्दोष होती. तथापि काही वर्षांत अनेक केंद्रांवर झुणका मागे पडला, इतर पदार्थ विकले जाऊ लागले आणि योजना संपली. सवलतीच्या किमतीने आणि उपदेशाने खाणे टिकत नाही. ते टिकते पिकवणाऱ्याला परवडले आणि खाणाऱ्याला रुचले तरच.

तेव्हा इतिहासाने दाखवलेली वाट वेगळी आहे. साखरेने शिकवले की घरचा धंदा उभा राहीपर्यंत ग्राहकाने थोडी अधिक किंमत सोसावी लागते. गव्हाने शिकवले की धान्याच्या जहाजापेक्षा बियाण्याचे पोते मोलाचे. दुधाने शिकवले की आयात मालाचा पैसा पिकवणाऱ्याच्या हातात गेला तर तीच आयात स्वावलंबनाची पायरी होते. आणि तेलाने शिकवले की मिळालेले स्वावलंबन पाच-सहा वर्षांत गमावताही येते. तेलाच्या आयातीवर आज जी जकात गोळा होते ती तेलबियांच्या संशोधनावर, सिंचनावर आणि खात्रीच्या खरेदीवर खर्च झाली, आणि ती जकात किती राहील हे शेतकऱ्याला पेरणीपूर्वी कळले, तर १९८६ नंतर जे घडले ते पुन्हा घडणे अशक्य नाही. २०२१ साली खाद्यतेलासाठी ११,०४० कोटी रुपयांचे नवे राष्ट्रीय मिशन जाहीर झाले आहे. त्याची परीक्षा किती कोटी खर्च झाले यावरून करू नये, जहाजे किती कमी झाली यावरून करावी.

आपल्याकडून काय व्हावे? उपाहारगृहात जाणे सोडा, असे आम्ही सांगणार नाही. आपल्या उपनगरांतील नोकरदार स्त्री-पुरुष, विद्यार्थी, एकटे राहणारे तरुण यांचे पोट या जागांवर चालते, आणि त्या चालवणारी माणसेही आपलीच आहेत. पण डाळ-तेलाच्या भावात दोन-चार रुपयांची वाढ झाली आणि ती वाढ पिकवणाऱ्याच्या घरी पोहोचणारी असेल, तर बंदर उघडा अशी घाई आपण करू नये, एवढे तरी करता येईल. तळलेले थोडे कमी खाल्ले, तर राष्ट्राचे परकी चलन वाचेल आणि आपली प्रकृतीही. १९४२ साली शेकडा पाच-सहा हिश्शाने देश हादरला होता. आज तेलात आपला निम्म्याहून मोठा हिस्सा परक्या बंदरांच्या मर्जीवर आहे. पुढची अडचण कोणत्या समुद्रातून येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती येण्यापूर्वी शेतात काय पेरले गेले असेल, हे मात्र आपल्या हाती आहे.